समुद्राकाठचा डोंगर चढताना या चुका टाळा

नकाशावर 500 मीटर उंची दिसली की डोंगर किरकोळ वाटतो. पहिली चूक तिथेच होते. इतरत्र पायथाच बराच उंचावर असतो. इथे चढ जवळजवळ शून्यापासून सुरू होतो, सगळी उंची पायांनीच कमवावी लागते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडलेला हिशेब अजूनही चालतो: साधारण 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक. घसारा, झाडोरा असेल तर याहून जास्त. विश्रांती त्यात धरलेली नाही.

पण सगळ्यात घातक चूक धुक्यात होते. 'उतरत राहू, किनारा लागेलच' असं वाटतं, आणि खाली कडा लागतो. लाटा डोंगराचा पाया कोरत राहतात, म्हणून समुद्राकडची बाजू बहुतेकदा खाली जाताना अधिकच तीव्र होते. वरून फक्त गवत दिसतं आणि त्यापलीकडे थेट पाणी. मधला कडा दिसतच नाही. ढोरवाटांवर तर मुळीच विसंबू नका. शेळ्यामेंढ्यांची वाट गवत संपतं तिथे संपते, मग तो कड्याचा काठ का असेना.

धुकं आलं की थांबा. खात्रीची शेवटची खूण आठवा आणि आल्या वाटेने, जमिनीच्या बाजूने परत फिरा. यासाठी चढतानाच अधूनमधून मागे वळून पाहायची सवय हवी. परतीची वाट उलट्या दिशेने फार वेगळी दिसते. होकायंत्रही काही खडकांवर फसवतं. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या कुलिन डोंगररांगेत खडकातल्या चुंबकीय खनिजांमुळे सुई भरकटते, तेव्हा चार पावलं सरकून पुन्हा दिशा बघा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. धारेवर तोल जाऊ लागला तर माथा सोडून द्या, त्यात कमीपणा काही नाही.

परतीची वाट किनाऱ्यावरून असेल तर भरतीची वेळ त्याच दिवसाची बघा. बहुतेक किनाऱ्यांवर ती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरून चालत नाही.

निर्जन डोंगरावर हाक ऐकायला कुणी नसतं. परतीची वेळ कुणाला तरी सांगून निघा, शिट्टी जवळ ठेवा. अडचणीत सापडलात तर मिनिटाला सहा फुंकी, मग मिनिटभर विराम, पुन्हा सहा. उत्तरादाखल तीन शिट्ट्या ऐकू आल्या तरी शिट्टी वाजवणं थांबवू नका. शोधणारे त्या आवाजाच्या रोखानेच तुमच्यापर्यंत पोचतात.