सूक्ष्मजीवशास्त्राचे संदर्भ शोधताय? या चुका टाळा

"सर, माझ्या विषयावर काहीच भेटत नाही." एम.एस्सी.चे प्रकल्प वाटून झाले की जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांच्या ग्रंथालयात हे वाक्य हमखास ऐकू येतं. विषय बघावा तर केळीच्या मुळांभोवतीचे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, कापसाच्या रानातला नत्र स्थिर करणारा जिवाणू अ‍ॅझोटोबॅक्टर, नाहीतर रावेर-यावलच्या बागायतदारांची झोप उडवणारा केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) विषाणू. यांपैकी एकाही विषयावर साहित्याची वानवा नाही. एकाच ठिकाणी, एकाच शब्दाने शोधलं आणि तिथेच हात टेकले, असंच बहुतेक वेळा झालेलं असतं.

गावाचं नाव टाकून शोधणे

ही चूक आपल्याकडे सर्रास दिसते. मुलं शोधपेटीत 'बनाना सॉइल बॅक्टेरिया जळगाव' असं टाकतात, चार-दोन लेख येतात, तेही सुमार. पण जिवाणूला तालुका कळत नाही, माती कळते. तापीकाठची काळी कसदार जमीन शास्त्राच्या भाषेत 'व्हर्टिसॉल' असते आणि जुन्या लेखांत 'ब्लॅक कॉटन सॉइल'. 'जळगाव' काढून तिथे हे दोन शब्द घाला. 'सेमी-अ‍ॅरिड' जोडा. तेलंगण, मध्य प्रदेश, ऑस्ट्रेलिया, अशा सारख्याच जमिनींवरचं काम समोर येतं, आणि तुलना करायला तेच तर हवं असतं. केळीचंही तसंच. नुसतं 'बनाना' लिहून भागत नाही. 'म्युसा', 'कॅव्हेंडिश' आणि 'ग्रँड नैन' हेही टाकून बघा, कारण आपल्याकडे जी-नाइन म्हणून लावतात ते वाण लेखात ग्रँड नैन असतं.

गावाचं नाव लागतं, पण ते स्थानिक प्रबंध शोधताना. तो मुद्दा पुढे येतोच.

जिवाणूचं जुनंच नाव धरून बसणे

वर्गातल्या नोट्स दहा वर्षांपूर्वीच्या असतात आणि जिवाणूंची नावं तोवर बदललेली असतात. स्फुरद विरघळवणाऱ्यांतला नेहमीचा गडी बॅसिलस मेगाटेरियम २०२० पासून प्रिस्टिया मेगाटेरियम झाला आहे. त्याच वर्षी लॅक्टोबॅसिलस या मोठ्या वंशाची (जीनस) २५ वंशांत फोड झाली आणि लॅक्टोबॅसिलस प्लांटारम लॅक्टिप्लांटिबॅसिलस या अवघड नावाखाली गेला. फक्त जुनं नाव टाकलं तर अलीकडचं काम निसटतं, फक्त नवं टाकलं तर आधीच्या कित्येक दशकांचं.

म्हणून आधी एलपीएसएन या मोफत संकेतस्थळावर नाव तपासा. सध्याचं मान्य नाव आणि जुनी समानार्थी नावं तिथे एकत्र मिळतात. मग पबमेड या वैद्यक-जीवशास्त्रीय लेखांच्या शोधस्थळावर दोन्ही नावं रोमन लिपीत, प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत आणि मध्ये मोठ्या अक्षरांत 'ऑर' अशी लिहा, सगळ्याला कंस घाला आणि पुढे 'अँड' लावून 'फॉस्फेट' जोडा. 'सोल्युबिलायझिंग' कुणी झेड वापरून लिहितं, कुणी एस वापरून. त्या अक्षराच्या आधीच शब्द तोडून तारा (*) टाकला की दोन्ही सापडतात. हा तारा गूगल स्कॉलरवर मात्र चालत नाही, तिथे दोन्ही रूपं वेगवेगळी टाकावी लागतात.

फक्त पबमेडवर विसंबणे

पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं. रोगजंतू, प्रतिजैविकं, जनुकं यांसाठी उत्तमच. पण खत, माती, पीक म्हटलं की त्याची बाजू लंगडी पडते. त्यासाठी अन्न व कृषी संघटनेचं अ‍ॅग्रिस उघडा.

प्रबंधांच्या बाबतीत तर मोठाच घोळ होतो. शोधगंगेवर सापडलं नाही म्हणजे कुणी काम केलेलंच नाही, असं गृहीत धरलं जातं. शोधगंगा विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांसाठी आहे. कृषी विद्यापीठांचे प्रबंध बघायचे तर 'कृषिकोश' हे वेगळं भांडार आहे. जळगावचं केळी संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं, तेव्हा केळीवर काम करणाऱ्याने कृषिकोश न बघता प्रस्तावना लिहिणं हे धाडसच म्हणायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार ही नावं इथे जरूर टाका. प्रबंध हाती आला की आधी संदर्भसूची वाचा. निम्मा शोध दुसऱ्याने करून ठेवलेला असतो.

एकाच कपाटात पुस्तक शोधणे

बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीने लावलेली असतात. सूक्ष्मजीवशास्त्राचा क्रमांक आज ५७९ आहे, पण १९९६ च्या एकविसाव्या आवृत्तीआधी तो ५७६ होता. जुन्या पुस्तकांवरचे क्रमांक कुणी बदललेले नसतात, त्यामुळे एकाच विषयाची पुस्तकं दोन रांगांत विभागलेली दिसतात. शिवाय मातीतले सूक्ष्मजीव शेतीत, म्हणजे ६३१.४६ ला. वनस्पतिरोग ६३२ ला. किण्वन आणि औद्योगिक सूक्ष्मजीवशास्त्र थेट रासायनिक तंत्रज्ञानात, ६६०.६ च्या आसपास. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, शीर्षकाऐवजी विषयाने शोधलं तर ही पायपीट वाचते.

पैसे मागितले की पान बंद करणे

लेख उघडला, तीस-चाळीस डॉलर मागितले, मुलाने सोडून दिलं. आधी बघा, मोबाइल डेटावर आहात का? वर्गणीचा प्रवेश बहुधा संस्थेच्या इंटरनेटवरूनच ओळखला जातो. कॉलेजच्या वायफायवरून तोच दुवा पुन्हा उघडा.

आपली संस्था कोणत्या योजनेत आहे, हेही ग्रंथपालांना विचारून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी वर्गणी योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं आहेत, पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांसाठी आहे. खान्देशातली बरीच कॉलेजं शिक्षण संस्थांची, अनुदानित. त्यांना एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-साहित्य योजनेचा आधार असतो आणि त्याचा युजर आयडी कॉलेजमार्फत मिळतो. तो मागितलाच नाही तर कुणी घरी आणून देणार नाही.

दोन्हीकडे नसेल तर पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी ही मोफत लेखांची भांडारं बघा, किंवा गूगल स्कॉलरवर लेखाखालचं 'ऑल व्हर्जन्स' दाबा. मोफत प्रत पुष्कळदा तिथेच असते.

छापलंय म्हणजे खरं मानणे

पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं या विषयात ढिगाने आहेत. यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता पारख आपली आपणच करायची. सगळ्यांना मोफत वाचता येणारं मुक्त नियतकालिक असेल तर डीओएजे या अशा नियतकालिकांच्या सूचीत आहे का ते पाहा. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भाचा तर डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, उघडून बघितल्याशिवाय तो वहीतही उतरवू नका. लेखकाचं नाव खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असे संदर्भ तो बेधडक देतो.

पाण्याच्या तपासणीचा प्रकल्प असेल तर पाण्यात काय किती चालतं याच्या मर्यादा शोधनिबंधांत हुडकू नका. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) पोर्टलवर विनामूल्य मिळतं आणि परीक्षक तेच विचारतात.

एवढं करूनही एखादा लेख अडलाच तर पत्रव्यवहाराच्या लेखकाला, म्हणजे लेखावर ज्याचा ईमेल दिलेला असतो त्याला, ईमेल करा. कोणता लेख, कशासाठी, कुठे शिकता, एवढं तीन ओळींत पुरे. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण द्या, आणि तोवर कॉलेज डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद आहे का, ते काउंटरवर विचारून ठेवा.