स्पॅमअसॅसिन: माणसागणिक व्हाइटलिस्ट

रावेरच्या केळीपेढीत दिल्लीच्या आडत्यांचे भावाचे मेल खरेदीवाल्याला हवेत. हिशेबनिसाला तो कचरा. म्हणून स्पॅमअसॅसिन या स्पॅमगाळणीत ज्याची त्याची व्हाइटलिस्ट (विश्वासू पत्त्यांची यादी) हवी होती. त्यासाठी तिचा सर्व्हर स्पॅमडी ‘-क्यू -एक्स’ने (सेटिंग्ज यूझरच्या फायलींऐवजी डेटाबेसमधून) चालवला, लोकल.सीएफ या सेटिंग फायलीत यूझर_स्कोअर्स_डीएसएन (डेटाबेसचा पत्ता) भरला आणि मायएसक्यूएल डेटाबेसच्या यूझरप्रेफ टेबलात ज्याच्या त्याच्या पत्त्याने ओळी टाकल्या. तरी यादी कुणालाच लागेना. पोस्टफिक्स हा मेलसर्व्हर स्पॅमसीला (स्पॅमडीकडे मेल नेणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘-यू’शिवाय, म्हणजे यूझरचं नाव न देता, बोलावत होता, म्हणजे सगळे मेल एकाच सिस्टिम यूझरच्या नावावर तपासले जात. ‘-यू’पुढे रिसिपियंट (मेल ज्याला आला त्याचा पत्ता) दिल्यावर यादी लागली. मात्र पोस्टफिक्समधल्या त्या ट्रान्सपोर्टची (स्पॅमसीकडे मेल देणाऱ्या वाटेची) डेस्टिनेशन रिसिपियंट लिमिट, म्हणजे एका वेळी किती पत्ते, १ हवीच. नाहीतर तिघांच्या मेलचे तिन्ही पत्ते एकदम येऊन कमांडच बिघडते.

व्हाइटलिस्ट_फ्रॉम टाळा. तो फक्त फ्रॉमचा पत्ता बघतो. फ्रॉम काय, कुणीही खोटा लिहितो आणि फुकटात -१०० गुण घेतो (गुण जितके कमी, तितका स्पॅमचा संशय कमी). व्हाइटलिस्ट_ऑथ एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारं डोमेन खरं आहे का, याच्या तपासण्या) जुळल्यावरच सूट देतो.