सीतेची वेणी जगत नाही? या चुका टाळा

मे-जूनमध्ये सह्याद्रीत आंब्या-जांभळांच्या फांद्यांवर पांढऱ्या-गुलाबी फुलांचे लांब घोस लोंबू लागतात, आणि ही सीतेची वेणी, म्हणजे झाडांवर वाढणारं एक ऑर्किड, आपल्या अंगणातही असावी असं वाटू लागतं. तिथूनच चुका सुरू होतात.

सर्वात वाईट चूक बागेतच होते. झाड साफ करताना बांडगूळ समजून हिलाही कोयता लावतात. बांडगूळ फांदीत शिरून अन्नरस ओढतं, जोडाशी फांदी सुजलेली दिसते. सीतेच्या वेणीची जाड मुळं सालीला नुसती धरून असतात, बरीचशी हवेत मोकळी लोंबतात. ती झाडाचं काहीही खात नाही. कृपा करून तिला ठेवा.

दुसरी चूक जंगलातून ओरबाडून आणण्याची. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, म्हणून एक मोठं रोप गेलं की जागा भरून यायला वर्षं लागतात. अभयारण्यातून उचलणं तर बेकायदेशीरच. हवीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली घ्या.

वाऱ्याने मोडलेल्या फांदीवरचं रोप वाचवताना लोक ते मातीच्या कुंडीत लावतात, आणि ते कुजतं. याची मुळं माती नाही, हवा मागतात. मुळावर पाणी शोषणारं पांढरट आवरण असतं. पाणी शिंपडलं की ते बघता बघता हिरवं होतं. पुन्हा पांढरं झाल्याशिवाय पाणी देऊ नका. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं आणि मधला कोंब काळा पडला, तर रोप सहसा हातचं जातं. मात्र तळाचं एखादं पान पिवळं पडून गळलं तर घाबरू नका, ते जुनं झालेलं असतं.

असं रोप शक्यतो जवळच्याच खडबडीत सालीच्या झाडावर, पावसाळ्याच्या तोंडाशी, काथ्याने बांधा. प्लास्टिक गुंडाळू नका. कोवळं ऊन मिळेल अशी जागा हवी. दाट सावलीत पानं टवटवीत राहतात, पण फूल येत नाही. खताची घाई नको. पहिल्या वर्षी फुललं नाही तरी हलवू नका, आणि नवी मुळं सालीला चिकटेपर्यंत काथ्या सोडू नका.