चित्र छापलं कुठं? साम्राज्यांची व्यंगचित्रं वाचताना या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी युरोपीय साम्राज्यांच्या व्यंगचित्रांवरचा लेख माझ्याकडे ‘जरा नजर फिरवा’ म्हणून पाठवतं. चित्रं तीच, चुकाही त्याच. त्यातली सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलेली आहे, तेव्हा आधी तीच सांगतो.

चित्र तुम्ही पाहिलं असेल. ‘चीन’ लिहिलेला गोल केक, भोवती व्हिक्टोरिया राणी, सुरी खुपसून बसलेला जर्मनीचा कैसर विल्हेल्म, रशियाचा झार निकोलस आणि एक जपानी सामुराई. मागं एक चिनी अधिकारी हात वर करून आक्रोश करतोय. एका कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी मी हे चित्र लावलं. पॅनेलवर जागा पुरेना, म्हणून खालची फ्रेंच ओळ कापून टाकली आणि माझी ओळ चिकटवली: ‘युरोपच्या हावरेपणावर निःपक्षपाती टीका’.

दुपारी एक निवृत्त मास्तर आले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.
“झारच्या मागं उभी आहे ती बाई कोण?”
“मारियान. म्हणजे फ्रान्स, सर.”
“बाकीचे तुटून पडलेत, मग हिच्या हातात सुरी कशी नाही?”
मी ठोकून दिलं, “फ्रान्सचा या वाटणीत तसा हात नव्हता.”
“असं होय. आणि हे छापलं कुठं?”
“पॅरिसला,” म्हणालो, आणि माझे कान तापले.

आँरी मेयेरचं हे चित्र १६ जानेवारी १८९८ च्या ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकाच्या सचित्र पुरवणीत आलं. दोनच महिन्यांपूर्वी जर्मनीनं चीनचा जिआवजौ उपसागर बळकावला होता. रशिया हा फ्रान्सचा दोस्त, म्हणून मारियानचा हात झारच्या खांद्यावर. सुरी मात्र नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्सनं दक्षिण चीनमधल्या ग्वांगजौवानवर ताबा मिळवला आणि पुढं ९९ वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला. म्हणजे सुरी होती, फक्त चित्रात दाखवली नव्हती.

कापलेल्या त्या ओळीत गंमत होती ती वेगळीच. मोबाइलला भाषांतर विचारलंत तर तो ‘राजांचा केक’ असं सांगून मोकळा होतो. पण हा ६ जानेवारीच्या, तीन राजांच्या सणाचा केक. गोव्यातल्या वाचकांना रेइश मागुशचं फेस्त माहीत आहेच. फ्रान्समध्ये या केकात एक घेवड्याचा दाणा लपवतात, तो ज्याच्या वाट्याला येईल तो त्या दिवसाचा राजा. वाचकांनी तो केक दहा दिवसांपूर्वीच खाल्लेला, आणि ओळीत ‘राजांचा’ म्हणून थोडं थांबून ‘आणि सम्राटांचा’ असा चिमटा. एवढं सगळं मी कात्रीनं उडवलं होतं.

तेव्हापासून चित्राकडे बघण्याआधी मी पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहितो: छापलं ते गाव, तारीख आणि त्या देशानं स्वतःला कुठं उभं केलंय. तिसरी सापडेपर्यंत पुढं जात नाही. अर्धा तास जातो. तीस सेकंदांची रील करणाऱ्यांना तो जड वाटतो, पण मग मला तपासायला पाठवू नका.

दुसरी चूक: दुसऱ्याच्या वसाहतीवर टीका दिसली की चित्रकाराला साम्राज्यविरोधी ठरवणं. लंडनच्या ‘पंच’ या व्यंगचित्र साप्ताहिकानं १९०६ मध्ये बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला काँगोच्या माणसाला विळखा घालणारा रबरी साप केलं. चित्र जबरदस्त आहे. पण इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर (डच वंशाच्या) बायकापोरांना डांबलेल्या छावण्या १९०१ मध्ये चितारल्या जाँ वेबेरनं, पॅरिसच्या ‘लासिएत ओ बर’मध्ये. हे साप्ताहिक मात्र घरच्या सरकारलाही सोडत नसे, तेव्हा हाही नियम डोळे मिटून लावू नका.

प्रचार म्हणजे सरकारनंच काढून घेतलेलं चित्र, हा समज सोडा. वेबेरच्या त्याच अंकात ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बाईच्या) उघड्या पार्श्वभागावर राजा एडवर्ड सातव्याचा चेहरा होता. पुढच्या आवृत्त्यांत तो झाकावा लागला. ‘ल पती जुर्नाल’ला तर कुणी सांगायची गरजच नव्हती. पाच सांतीमच्या त्या पेपराचा खप दहा लाखांच्या घरात होता, आणि गिऱ्हाइकाला काय आवडतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

तारीख बघा. आजीच्या वेषातला इंग्रज लांडगा आणि ‘फाशोदा’ नावाची पोळी घेतलेली लाल टोपीवाली फ्रान्स, हे चित्र २० नोव्हेंबर १८९८ चं. फाशोदा हे सुदानमधलं ठाणं, त्यावरून त्या वर्षी इंग्लंड-फ्रान्स भिडले होते; तिथून फ्रान्सच्या माघारीचा निर्णय त्याआधीच झाला होता. हरल्यावर काढलेल्या चित्राला लोक ‘युद्धाची चिथावणी’ म्हणतात.

ऑक्टोपस म्हणजे रशिया असं पाठ करू नका. फ्रेड रोझच्या १८७७ च्या युरोपच्या व्यंगनकाशात तो रशिया आहे, दुसरीकडे तोच इंग्लंड होतो.

आणि आफ्रिकेवर तंगड्या फाकून उभा असलेला सेसिल रोड्स, दक्षिण आफ्रिकेतला इंग्रज साम्राज्यवादी पुढारी. चित्रकार सँबोर्ननं तो १० डिसेंबर १८९२ च्या ‘पंच’मध्ये काढला. त्याच्या हातात आहे ती केपटाउन ते कैरो टाकायच्या टेलिग्राफची तार. ‘गुलामांना बांधायची दोरी’ हे यंदा मी चार लेखांतून खोडलं.