भयकथेचं मोशन कॉमिक करताय? या चुका टाळा

दिवाळी अंक वाचून झाले की नाशिकमधली दोन-चार पोरं हमखास एखादी विज्ञान-भयकथा घेऊन माझ्याकडे येतात. "सर, याचं मोशन कॉमिक करायचंय, पंधरा दिवसांत." मोशन कॉमिक म्हणजे कॉमिकच्या चित्रांना थोडी हालचाल आणि आवाज देऊन केलेला व्हिडिओ. कथा बहुतेक वेळा चांगली असते. माती होते ती पुढे.

सगळंच हलवणं. ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. कॉलेज रोडच्या एका टीमकडे झकास कथा होती. पिंपळगावचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज, रात्रपाळीचा वॉचमन आणि भिंतीवर साचणारा बर्फ. या बर्फात हळूहळू वॉचमनच्याच तळहाताच्या रेषा उमटू लागतात. पोरांनी आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राला पपेट पिना (चित्र वाकवायच्या टाचण्या) टोचून वॉचमनची छाती वरखाली केली, मिशी डोलवली, बल्ब लुकलुकवला, वर धुकं सोडलं. बर्फाची रेष सरकते त्या क्षणी बघणाऱ्यांपैकी एकाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. मिशीवर मात्र सगळे हसले. सगळंच हलतंय म्हटल्यावर, जे हलायला नको ते हललं हे कळणार कसं?

मी सगळ्या कीफ्रेम, म्हणजे हालचालीच्या नोंदी, उडवायला लावल्या. तोंडं वाकडी झाली, रात्री जागून केलेलं काम होतं. मग पॅनेल (कॉमिकची एक चौकट) चार सेकंद तसंच ठेवलं, कूलरच्या पंख्याची घरघर मध्येच तोडली आणि दाराजवळची फक्त एक रेष दहा-बारा पिक्सेल सरकवली. मागे बसलेला पोरगा पुटपुटला, "आयला, ते हललं का?" एवढंच हवं होतं. तेव्हापासून भयकथेत मी एका पॅनेलला एकच हालचाल देतो. कॅमेरा सरकत असेल तर तीही नाही.

कथा जशीच्या तशी वाचून दाखवणं. "तो घाबरत घाबरत दाराकडे सरकला", आणि चित्रात तो घाबरत दाराकडे सरकतोच आहे! मग निवेदक कशाला? मी कथेची प्रिंट काढतो आणि चित्र जे दाखवू शकतं ते लाल पेनाने खोडतो. राहतं ते बहुतेक विज्ञान. तेच अवघड, आणि तिथेच लोक दीड पानाचं व्याख्यान निवेदनात कोंबतात. वरच्या कथेतला जीव उष्णता खातो, हे लेखकाने छान समजावलं होतं. पडद्यावर त्याला दोन पॅनेल पुरली. पहिल्यात तापमानाच्या डिस्प्लेवर शून्य, दुसऱ्यात वॉचमनने भिंतीला हात टेकवलाय आणि डिस्प्लेवर उणे नऊ. लेखक आधी रुसले, मग म्हणाले, "असंच ठेवा."

ॲनिमॅटिक न करणं. कच्ची स्केचेस आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज जोडून आधी पूर्ण लांबी बघा. "वेळ नाही" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम टिपून 1912 मध्ये फिल्म केली होती. तुम्हाला एक संध्याकाळ निघत नाही?

एकाच लेयरवर चित्र. पात्र सरकवलं की मागे भोक पडतं. पात्र, मागचं दृश्य, पुढचं सामान वेगळं काढा आणि पात्रामागची भिंतही रंगवा.

लहान चित्र. 1920 बाय 1080 च्या व्हिडिओत दुप्पट झूम हवा असेल तर चित्र किमान 3840 रुंदीचं काढा.

फुटलेली जोडाक्षरं. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला पडली तर सेटिंगमधलं टेक्स्ट इंजिन बदला आणि फाँट युनिकोडच घ्या. फुग्यातला "मृत्यू" फुटला की भीती संपली.

आवाज. पंचवटीत खिडकी उघडी ठेवून रेकॉर्डिंग कराल तर रिक्षा आणि घंटा दोन्ही येणार. रात्री, पंखा बंद, डोक्यावर गोधडी.

हक्क. "कथा दिवाळी अंकात आली, संपादकांना विचारलंय" हे पुरत नाही. हक्क सहसा लेखकाचे असतात, तेव्हा त्यांच्याकडून सहीचा कागद घ्या. त्यात मुदत आणि क्षेत्र लिहाच. मुदत नसेल तर कॉपीराइट कायदा 5 वर्षं धरतो आणि क्षेत्र नसेल तर फक्त भारत. तुमचा यूट्यूबवरचा व्हिडिओ मात्र जगभर दिसतो. लेखक हयात नसतील तर वारसांना गाठा, कारण मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क त्यांच्याकडे राहतात.