षटकोनी गोधडी: टाके उसवण्याआधी साचा तपासा, या चुका टाळा

तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की आमच्याकडे दुपारच्या गोधड्या निघतात. चौकोनी ठिगळांची गोधडी गप्पा मारता मारता शिवणाऱ्या बायकाही षटकोनाला हात घातला की अडतात. "अवं, हे तं वाटीच झाली!" म्हणत सात तुकड्यांचं फूल दाखवायला आणतात. मधे एक, भोवती सहा, आणि जमिनीवर ठेवलं तर मधोमध फुगलेलं. मग टाके उसवायचे, पुन्हा घालायचे. फुगवटा तिथेच. कारण चूक बहुतेक वेळा सुईची नसते, साच्याची आणि कात्रीची असते.

तीन षटकोन एका टोकाशी भेटतात. तिथे प्रत्येकाचा कोन १२० अंशांचा असला तरच तिन्ही मिळून ३६० होतात आणि कापड सपाट बसतं. साच्याच्या बाजू लहानमोठ्या असल्या की काही टोकांशी कोन कमी पडतात, तिथे फुगवटा येतो. काही टोकांशी जास्त होतात, तिथे झालर पडते. मधला तुकडा भोवतालच्यांपेक्षा मोठा असला तरी तो फुगतोच. म्हणून साचा डोळ्यांच्या अंदाजाने काढू नका. घरातल्या शाळकरी पोरांच्या कंपासपेटीतला कंपास घ्या, ५ सेंटिमीटरवर उघडा, गोल काढा आणि कंपास न हलवता त्याच मापाने गोलावर सहा खुणा करा. षटकोनाची बाजू गोलाच्या त्रिज्येएवढीच असते, त्यामुळे सहाव्या खुणेवरून पुढे घेतलेलं माप बरोबर पहिलीवर येतं. येत नसेल तर कंपासचा स्क्रू सैल आहे.

आता त्या साच्यावरून तीन कागद कापा आणि एका टोकाशी जुळवा. फट नको, एकमेकांवर चढायला नको. मग त्यातला एक कागद एकेक बाजू फिरवत पुन्हा जुळवून पाहा. सहाही बाजूंनी बसला तर साचा खरा. ही पाच मिनिटं कोणी देत नाही, आणि पुढे आठवडाभर उसवत बसतात.

प्रत्येक तुकड्याच्या आत या साच्याचा कागद ठेवून त्यावर कापड दुमडायचं असतं. कापडाचा साचा वेगळा लागतो, कारण दुमडायला माया, म्हणजे कडेचं जादा कापड, हवी. इथे एक हमखास चूक होते. चहूबाजूंनी ७ मिलिमीटर माया हवी म्हणून ५ चे ५.७ केले जातात. पण ५.७ ही कोपऱ्यापर्यंतची वाढ झाली; सरळ कडेला माया ६ मिलिमीटरच मिळते, आणि जुनं कापड तेवढ्यात उसवतं. बाजू ५.८ धरा. साचा जुन्या एक्स-रे फिल्मचा करा, पुठ्ठ्याच्या कडा शंभरेक तुकड्यांत झिजतात. आणि कापलेला तुकडा पुढच्या कापडावर ठेवून तिसरा, त्यावरून चौथा असं मुळीच करू नका. दर वेळी खडूच्या रेघेएवढी वाढ होते आणि विसावा तुकडा पहिल्याचा थोरला भाऊ निघतो.

कात्री चालवताना कापडाचे चारपेक्षा जास्त थर नकोत. खालचे सरकतात, वरून कळत नाही. कागदाची कात्री आणि कापडाची कात्री वेगळी. खूण खडूची किंवा पेन्सिलीची, बॉलपेनची शाई धुताना फुटते.

कापडाबद्दल माझं मत जरा कडक आहे. सुती लुगड्यांत टेरिकॉट मिसळू नये. इस्त्री सुतीला लागते तेवढी तापवली तर टेरिकॉट आवळतं, आणि मऊ सुतीपाशी ते ताठ राहतं. घरात टेरिकॉटच जास्त असेल तर त्याची वेगळी गोधडी करा. नवं सुती कापड आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शेजारचं जुनं लुगडं, जे कधीच आटून झालेलं आहे, सुरकुततं. लाल आणि गर्द निळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग निघाला तर ते कापड पांढऱ्याजवळ नको. लुगडं उजेडासमोर धरलं की विरलेले भाग लगेच दिसतात. पदराजवळचं कापड बहुधा चांगलं असतं, बसण्याच्या जागेचं सोडून द्या. साच्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू उभ्या धाग्याला समांतर ठेवा. उरलेल्या चार बाजू तिरप्या येणारच, आणि तिरपं कापड ताणतं. म्हणून तर आत कागद लागतो.

कागदाला जुन्या लग्नपत्रिका उत्तम, पण चमकीची छपाई असलेला भाग टाळा, इस्त्रीखाली ती कापडाला चिकटते. वर्तमानपत्र फार पातळ, शिवाय त्याची शाई पांढऱ्याला लागते. आणि कूलरच्या अगदी समोर बसू नका. मे महिन्यात हा सल्ला कोणी ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्या ओल्या हवेने कागद नरम पडतो, कडा वळतात आणि दुमड खोटी येते.

कागदावर कापड दुमडून कच्चा टाका घालताना कोपऱ्यावर घडी घट्ट बसवा. कोपरा गोल झाला की तीन तुकडे भेटतात तिथे बारीक भोक राहतं. जोडताना सुलट बाजू समोरासमोर, दोन्ही कडा एकावर एक, आणि कडेचे एक-दोन धागेच सुईत घ्यायचे. इंचाला दहा-बारा टाके पुरेत. सुई कागदातून जात असेल तर तुम्ही खोल घेताय. सहाही बाजू शेजाऱ्यांना जोडल्याशिवाय कागद काढू नका. बाहेरच्या रांगेतले कागद सर्वांत शेवटी.

आता गोधडी भरणं. बऱ्याच घरी धावदोरा कडेपासून सुरू करून फिरत फिरत मधे आणतात. साध्या लुगड्यावर ते छान जमतं. षटकोनी वरच्या थरात मात्र सगळा सैलपणा ढकलला जाऊन मधे चुण्या गोळा होतात. आधी मधून बाहेर मोठे कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घ्या, मग हवं तर कडेपासून फिरा.

सुरुवात करण्याआधी हिशेब मांडा. ५ सेंटिमीटर बाजूचा एक षटकोन सुमारे ६५ चौरस सेंटिमीटर जागा घेतो. दीडशे बाय दोनशे दहाच्या गोधडीला असे साधारण ४८५ लागतात. बाजू अडीच केली तर चौपट, म्हणजे एकोणीसशेच्या वर. पहिल्या गोधडीला अडीचचा हट्ट करणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. उशीच्या खोळीवर भागलं.

वापरात एखादा तुकडा फाटला तर तो उसवू नका, शेजारचे पाच-सहा सैल होतील. कागदावर नवा षटकोन तयार करा, इस्त्री फिरवा, कच्चा टाका नि कागद काढा आणि फाटक्यावर ठेवून कडेकडेने बारीक टाक्यांनी बसवा. खालचा फाटका तसाच राहू द्या, तेवढाच एक थर वाढला.