साताऱ्यात राहून आउटडोअर लीडरशिपचा अभ्यास कसा उभारावा

माणसांचा गट डोंगरात सुखरूप नेणे आणि तिथल्या अनुभवातून त्यांना शिकते करणे हा आउटडोअर लीडरशिप नावाचा, विद्यापीठात शिकण्याचा स्वतंत्र विषय आहे. इंग्लंडमधील कंब्रिया विद्यापीठाच्या अँबलसाइड येथील संकुलात आणि कॅनडातील थॉम्पसन रिव्हर्स विद्यापीठात या क्षेत्राचे शिक्षण मिळते, तर एडिंबरा विद्यापीठ आउटडोअर एज्युकेशनमधील पदव्युत्तर अभ्यासासाठी ओळखले जाते. आपल्याकडे बारावीनंतर थेट या नावाच्या पदवीला प्रवेश मिळणे अवघड आहे. त्यामुळे साताऱ्यातील विद्यार्थ्याने साहाय्यक ठरेल अशी पदवी, गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षण आणि सह्याद्रीतला नोंद ठेवून केलेला सराव या तिन्ही गोष्टी पदवीच्या तीन-चार वर्षांत एकत्र बांधाव्यात.

पदवी निवडताना शारीरिक शिक्षण, पर्यटन, भूगोल आणि मानसशास्त्र हे पर्याय समोर येतात. माझे मत भूगोल किंवा मानसशास्त्राच्या बाजूने आहे, कारण दोर आणि गाठी दुसरीकडे शिकता येतात, पण जमीन वाचण्याची आणि घाबरलेल्या माणसाचे मन ओळखण्याची बैठक सावकाश अभ्यासानेच बसते. शाळेत काम करायचे असेल तर पुढे शारीरिक शिक्षणातील दोन वर्षांचे बी. पी. एड. करता येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत आलेले क्षेत्रीय प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग केवळ श्रेयांकांसाठी उरकू नये. साहसी शिबिरे घेणारी संस्था किंवा बचावकार्य करणारे पथक यांच्याकडे ते करता येईल का, हे विभागप्रमुखांना आधीच विचारावे. महाविद्यालयात एनसीसी असेल तर पहिल्याच वर्षी नाव नोंदवावे, कारण गिर्यारोहण संस्थांमधील प्रशिक्षणासाठी छात्रांची निवड होते आणि खर्चाचा मोठा भार हलका होतो.

दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ पासून हे शिक्षण देत आहेत. मनालीलाही अशी संस्था आहे. बेसिक कोर्स सुमारे चार आठवड्यांचा असतो, आणि त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अॅडव्हान्स कोर्सचा मार्ग मोकळा होतो. त्यानंतर येणारा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा कोर्स आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण तिथे स्वतः चढण्याऐवजी दुसऱ्याला चढायला शिकवण्याची परीक्षा होते. जागा लवकर भरत असल्याने अर्ज बराच आधी करावा. तयारीसाठी यवतेश्वरचा घाट आणि अजिंक्यताऱ्याची चढण पुरेशी आहे. पाठीवर वजन घेऊन नियमित चढ-उतार करावी आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवावे.

शिकवण्याचा सराव हा या अभ्यासाचा गाभा आहे आणि नेमका तोच भाग बहुतेक जण सोडून देतात. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समधील अॅबरडोव्ही येथे आउटवर्ड बाउंड या साहसातून शिक्षण देणाऱ्या संस्थेची सुरुवात केली, तेव्हापासून या क्षेत्रात कष्टाच्या अनुभवाला शिक्षणाचे साधन मानले गेले. पुढे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभव, त्यावर चिंतन, त्यातून नियम आणि नियमाचा नवा प्रयोग असे चक्र मांडले. हे चक्र अजिंक्यताऱ्यावर प्रत्यक्ष चालवून पाहता येते. शाळेतल्या दहा-बारा मुलांना तटावर उभे करून १:५०,००० प्रमाणाचा नकाशा द्यावा, यवतेश्वर, सज्जनगड आणि जरंडेश्वर ओळखायला सांगावे, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दाटीने आल्या आहेत तिथे डोंगर कसा दिसतो हे आपण न सांगता त्यांनाच बोलू द्यावे. चुकीचे उत्तर आले तर लगेच दुरुस्त करू नये. नकाशा फिरवून धरला की बहुधा कुणीतरी स्वतःहून चूक पकडते, आणि तोपर्यंत गप्प राहता येणे हेच नवशिक्या शिक्षकाला सर्वांत जड जाते. कासच्या पठारावर असाच पाठ जमिनीवर घेता येतो: जांभ्या कातळावरचा मातीचा थर किती पातळ आहे हे एकदा पाहिले की, पायवाट का सोडायची नाही यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

निर्णयक्षमता शिकण्यासाठी वासोटा किल्ल्याची एक दिवसाची मोहीम कागदावर आखावी. बामणोलीहून वनविभागाची परवानगी, शिवसागर जलाशयातून लाँचने प्रवास, दाट जंगलातली चढण आणि संध्याकाळच्या आत परतण्याचे बंधन लक्षात घेऊन परत फिरण्याची वेळ आधीच ठरवावी. माथा गाठला असो वा नसो, त्या वेळी गटाने माघारी वळलेच पाहिजे. पाय मुरगळला तर जखमी व्यक्तीला लाँचपर्यंत कोण आणि कसे आणेल, आग्या मोहोळ उठले तर गट कोणत्या बाजूला पळेल, मेमधल्या वळवाच्या विजा सुरू झाल्या तर उघडी माची सोडून कुठे उतरायचे, या प्रश्नांची उत्तरे लिहून अनुभवी माणसाकडून तपासून घ्यावीत. वैद्यकीय मदत तासन्‌तास दूर असते अशा ठिकाणांसाठी असलेला वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा सुमारे ७० ते ८० तासांचा प्रथमोपचाराचा कोर्स, खर्चिक असला तरी, अंतिम वर्षापूर्वी करावाच.

पहिल्या वर्षापासून लॉगबुक, म्हणजे प्रत्येक मोहिमेची नोंदवही, ठेवावे. त्यात तारीख, वाट, हवामान, गटाची संख्या आणि वयोगट यांबरोबर आपली भूमिका स्पष्ट लिहावी. पुढे चालणारा, पिछाडी सांभाळणारा आणि निर्णय घेणारा यांचा अनुभव सारखा नसतो. ‘कल्याणगड, छान ट्रेक’ अशी नोंद निरुपयोगी आहे. ‘घसाऱ्यावर दोन मुले थबकली, गट थांबवून एकेकाला उतरवले, त्यात पाऊण तास गेला, पुढच्या वेळी ही वाट या वयाला नको’ अशी नोंद मुलाखतीत दाखवता येते. परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबतच्या निवेदनात शिखरांची यादी देण्यापेक्षा असे दोन-तीन प्रसंग विचारासह मांडावेत.

शिक्षण चालू असतानाच आसपासच्या शाळांच्या सहली नेण्याची विचारणा होऊ लागते. ते काम स्वतंत्रपणे स्वीकारण्याआधी राज्य शासनाचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण पूर्ण वाचावे, आयोजक संस्था पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीकृत आहे का ते पाहावे, आणि विमा, पालकांची लेखी संमती व मुलांची वैद्यकीय माहिती हाती आल्याशिवाय गाडी हलू देऊ नये.